मका दाट लावायचा आणि युरियाही कमी टाकायचा, जमतं का?

बांधकरी: शेजारच्या रानात मक्याच्या बियाण्याचं प्रात्यक्षिक झालं. कोपरापर्यंत येईल असं कणीस दाखवत होते. विचारलं, कुठल्या ओळीतलं? बांधालगतचं! तिथं ऊन, खत वाटून घ्यायला शेजारी नसतो. मधल्या सरीत शिरलो तर पाच-सहा ताटांमागे एक वांझ. तुरा झडून गेलेला, कणसाचे केस आत्ता कुठे डोकावतायत. तुऱ्यातला पराग संपल्यावर केस निघाले तर दाणे कुठून भरणार?

अमेरिकेत मक्याची वाणं तयार करणारे डोनाल्ड डुविक यांनी १९३० पासूनची संकरित वाणं शेजारीशेजारी लावून पाहिली. विरळ लावली तर जुन्या-नव्यात फार फरक नाही. दाटीत मात्र नवी कुठल्या कुठे पुढे. म्हणजे ताट मोठं झालं नाही, गर्दी सोसायला शिकलं. पाती उभी, तुरा लहान. नत्राची उपासमार झाली तरी केस असेच उशिरा निघतात. गर्दीत आणि कमी युरियात केस वेळेवर काढणारं वाण निवडा, एका दगडात दोन पक्षी.

हिशेबी: दुसरा पक्षी उडाला, भाऊ. एकरी ३० क्विंटल मका काढलास तर नुसत्या दाण्यातून ४५ किलोच्या आसपास नत्र गेलं. युरियाच्या गोणीत असतं साधारण २१ किलो. ताटं गुरांना घातलीस, ते वेगळंच. वाण कितीही काटक असो, नत्र पैदा करत नाही. जमिनीतलंच ओरबाडणार. शिवाय ६० बाय २० सेंमीच्या टोकणीत आपली एकरी ३३ हजार ताटं होतात, म्हणजे आपण अमेरिकेच्या दाटीवर आधीच आहोत. आणखी दाट म्हणजे फक्त बियाण्याच्या पिशव्या जास्त.

बांधकरी: टोकण ३३ हजारांची, पण कणसं किती ताटांना? तेच तर म्हणतोय. आणि युरिया शून्य कर असं मी कुठं म्हटलं? पाऊस लांबला की दुसरा हप्ता राहतो, तेव्हा तग धरणारं हवं. भरपूर खताच्या प्लॉटात निवडलेलं वाण उपाशी रानात पहिलं येईलच असं नाही. मेक्सिकोत सिमिटनं, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन केंद्रानं, म्हणूनच मुद्दाम कमी नत्राच्या प्लॉटात निवड केली.

रानवेडा: मेक्सिकोतच ओआहाकाच्या डोंगरात एक मका आहे. त्याच्या हवेतल्या मुळांना चिकट डिंकासारखा स्राव सुटतो, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. २०१८ च्या अभ्यासात पिकाचं २९ ते ८२ टक्के नत्र हवेतलं निघालं.

हिशेबी: आणि तयार व्हायला आठ महिने! हरभरा काय गच्चीवर पेरू?

रानवेडा: गुण उचलायचा हो, अख्खा मका नाही.

हिशेबी: उचला. तोवर मी मक्यात तुरीच्या ओळी घालतो, तिच्या मुळांतले जिवाणूही हवेतलं नत्र धरतातच.

बांधकरी: यंदा दोन वाणं लावतो. अर्ध्या भागाला युरियाची एक गोणी कमी. केस कधी निघाले ते इथंच लिहीन.

हिशेबी: लिही. पण मोजणी मधल्या सरीत, वांझ ताटं धरून.