मदत हवी आहे: मामांच्या खात्यावरच्या चेकवर सही माझी, नोटीस दोघांना

नमस्कार मंडळी. मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे, प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्या मामांच्या मालकीचं. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली, तेव्हा बँकेत रीतसर अधिकारपत्र देऊन सहीचा अधिकार मला दिला. मी नोकरी करतो. दुकानातला एक रुपयाही माझा नाही.

दिवाळीच्या मालापोटी एका व्यापाऱ्याला मी चेक दिले. त्यातला 2 लाख 40 हजारांचा परत आला, शेरा 'अपुरी शिल्लक'. आता निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेक-हुंड्यांचा कायदा; खालची सगळी कलमं त्यातलीच) कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, नोटीस आलीय, मामांच्या आणि माझ्याही नावाने. परवा मिळाली, म्हणजे पैसे भरायला 15 दिवसांतले 13 उरले.

कलम 138 मध्ये 'स्वतःच्या खात्यावर' काढलेला चेक असं म्हटलंय. खातं मामांचं, मग मी आरोपी कसा? कलम 141 कंपनी आणि भागीदारीसाठी आहे. ते एकट्याच्या दुकानाला लागतं का? आणि खरी धाकधूक वेगळीच. बाकी चेकवर दुकानाचा 'करिता' असा शिक्का आहे, या एकावर घाईत मारायचा राहिला. नुसती माझी सही. (गिऱ्हाईक समोर ताटकळत होतं, काय सांगू!) कलम 28 प्रमाणे दुसऱ्याच्या वतीने सही करतोय हे चेकवर दिसलं नाही, तर सही करणारा स्वतः जबाबदार. दिवाणी दावा झाला तर हे माझ्यावर शेकेल?

मामा म्हणतात, "तू कशाला घाबरतोस, मी आहे ना." पण पूर्ण रक्कम आज त्यांच्याकडे नाही. नोटिशीला उत्तर दोघांनी एकत्र द्यावं की वेगवेगळं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.