मदत हवी आहे : १९६९ ची फियाट, कारखान्याचा रंग द्यावा की बाबांचा?

नमस्कार मंडळी,

गाडी फियाट ११०० डी, म्हणजे आपली 'डिलाइट'. १९६९ सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. १०८९ सीसीचं इंजिन बांधून झालंय आणि छान चालतंय. बॉडी कोल्हापुरात उद्यमनगरात आहे. खालचा कुजलेला पत्रा बदलला, दारं नीट बसली, आणि आता काम अडलंय ते माझ्यापाशी. पेंटरमामा रोज संध्याकाळी फोन करून एकच विचारतात, "सायेब, रंगाचं काय ठरलं?"

ठरत नाहीये, कारण 'हाच मूळ रंग' म्हणणारे तीन दावेदार आहेत.

सगळ्यात वरचा पांढरा सोडून द्या, तो नंतर कधीतरी झाकपाक करायला मारलेला होता. त्याच्याखाली क्रीम. बाबांनी १९७८ मध्ये गाडी पहिल्या मालकाकडून घेतली आणि लगेच क्रीम करून घेतली. पन्हाळा, गणपतीपुळे, मावशीचं लग्न, सगळं या क्रीम गाडीतून. घरातल्या प्रत्येक जुन्या फोटोत ती तशीच आहे.

क्रीमच्या खाली हिरवट राखाडी निघाला. डिकीतल्या मॅटखाली, मागच्या सीटच्या पाठीमागे, दारांच्या पॅडच्या आत, डॅशबोर्डमागे, जिथे जिथे नंतरच्या पेंटरचा हात पोचला नाही तिथे तिथे हाच. तो थेट प्रायमरवर आहे, त्याखाली दुसरं काही नाही. म्हणजे कारखान्यातून गाडी अशीच निघाली, असं मी धरून चाललोय. आणि तिसरा दावेदार आरसी बुक. रंगाच्या रकान्यात लिहिलंय 'ग्रे'. हिरव्याचा उल्लेखही नाही.

घरात विचारायची सोय नाही. बाबा (वय ८१) म्हणतात, "माझी गाडी क्रीम." बायकोने तो हिरवट राखाडी पाहिला आणि म्हणाली, हा तर तलाठी कार्यालयातल्या कपाटाचा रंग. भाच्याला काळी हवी. त्याला सांगितलं, मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला सेवेतून गेली असली तरी आपली काळी फियाट दादरला उभी केली तर लोक अजूनही दार उघडून 'परळ' म्हणतील. चुलतभावाला टू-टोन हवी, छत पांढरं आणि खाली निळं.

मला गाडी शनिवार-रविवारी चालवायची आहे, पुढेमागे एखाद्या व्हिंटेज रॅलीत न्यायची आहे आणि शक्य झालं तर व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. तर कुठला रंग, कसा जुळवायचा, रंग बदलला तर आरटीओचं काय, आणि पेंटरमामा म्हणतात तसं पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारावं की जुन्या पद्धतीचा ड्यूको? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चोक_ओढून :

क्रीम करा आणि मोकळे व्हा. ८१ वर्षांच्या माणसाला रॅलीतल्या परीक्षकांशी काय देणंघेणं? गाडी ज्याने चालवली त्याची. टू-टोन मात्र नको. इटलीत पन्नासच्या दशकातल्या ११०० ना टू-टोन असायचा हे खरं, पण तुमच्या गाडीला तो कधीच नव्हता. उगाच लग्नाच्या वरातीची गाडी होईल.

जुनापत्रा :

वरच्यांशी असहमत, पण ते नंतर. आधी एक महत्त्वाचं. तुमचा 'हिरवट राखाडी' मुळात हिरवट होता का, हे तपासलंत का?

तुम्ही नमुने घेतलेत ते सगळे अंधारातले. मॅटखाली, पॅडच्या आत, सीटमागे. सिंथेटिक एनॅमल अंधारात वर्षानुवर्षं राहिला की पिवळा पडत जातो. उन्हातला रंग विटतो हे सगळ्यांना माहीत असतं, अंधारातला पिवळा पडतो हे फार थोड्यांना. आता निळसर राखाडीवर पिवळी झाक चढली तर काय दिसेल? हिरवट राखाडी. म्हणजे आरसी लिहिणाऱ्या कारकुनाने समोर ग्रे गाडी पाहून ग्रे लिहिलं असण्याची शक्यता बरीच आहे.

तपासायला सोपं आहे. डॅशबोर्डमागचा किंवा ग्लोव्ह बॉक्समधला सुटा होणारा एखादा तुकडा काढा. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग बारीक रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने घासा. अर्ध्या भागावर स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवा आणि गच्चीवर उन्हात आठ-दहा दिवस ठेवा. अंधारात आलेला पिवळेपणा उजेडात बराचसा उतरतो. फॉइल काढल्यावर दोन भागांत फरक दिसला तर उघडा भाग खऱ्या रंगाच्या जवळचा. फरक नसेल तर रंग हिरवटच होता, मग कपाट तर कपाट.

हे केल्याशिवाय दुकानात स्कॅनरवर नमुना नेऊ नका. मशीन इमानदारीने पिवळा पडलेलाच रंग जुळवून देईल.

आरटीओ_फेरी :

कागदपत्रांचं सांगतो. गाडीचा रंग आरसीत नोंदलेला असतो. तो बदलला तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. सध्या तुमच्या आरसीत ग्रे आहे, म्हणजे क्रीम केलीत तर ती नोंद आली. (१९७८ मध्ये बाबांनी ती केली नाही हे दिसतंच आहे. तेव्हा कोण करायचं!) ग्रे केलीत तर फेरी वाचली.

व्हिंटेजचे केंद्राचे नियम जुलै २०२१ चे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात जपलेली हवी, आणि चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा बदल नको. १९६९ म्हणजे वयाचा प्रश्न मिटला. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमचा जुना तीन अक्षरी नंबर असेल तर तो जाऊ देऊ नका. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं. पण एक लक्षात घ्या, अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. दर रविवारी पन्हाळ्याला मिसळ खायला जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

स्प्रेगन :

ड्यूको की पीयू याबद्दल. जुने लोक ड्यूको म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज लॅकर. ड्युपाँटने १९२० च्या दशकात आणला आणि ब्रँडचं नाव कामालाच चिकटलं. दिसायला सुंदर, खोल, मऊ चमक. पण पातळ थर अनेक मारावे लागतात, घासून पॉलिश करावं लागतं, पेट्रोल सांडलं की डाग, आणि हवेत दमटपणा असला की वाळताना पांढुरका पडतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ड्यूको मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

गाडी चालवायची आहे ना? मग पीयू. पण 'सिंगल स्टेज' मारायला सांगा, म्हणजे रंगातच चमक, वर वेगळा क्लिअर कोट नाही. आजकाल पेंटर सवयीने बेस आणि त्यावर दोन-तीन हात क्लिअर मारतात. नव्या गाडीला ते शोभतं, जुन्या फियाटच्या गोलाव्यावर काचेचा थर चढवल्यासारखं दिसतं. सिंगल स्टेजवर नंतर हलकं पॉलिश केलं की जुन्या रंगाच्या जवळ जाता येतं. मेटॅलिकचा विषय कुणी काढला तर फोन ठेवा.

जुने थर पूर्ण उतरवून घ्या. खाली एनॅमल राहिला आणि वर जोरदार थिनरचा रंग बसला तर खालचा थर उचलतो, सुरकुत्या पडतात आणि सगळं परत. उतरवताना कोरडं घासू नका, वॉटर पेपर आणि पाणी वापरा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ नाकात नको. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. मामांना तोंडाला रुमाल बांधून स्प्रे करू देऊ नका. बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेलं बूथ शोधा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

रंग ठरवताना शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास नको. भंगारातून एखादं जुनं मडगार्ड आणा, त्यावर पूर्ण पद्धतीने मारा. तोच रंग मोठ्या पत्र्यावर फिका वाटतो. सकाळी, भर दुपारी आणि ट्यूबलाइटखाली बघा. राखाडी रंग यात सगळ्यात लबाड. उन्हात जुळलेला नमुना ट्यूबखाली जांभळा किंवा हिरवा निघतो, कारण मशीनने वेगळी रंगद्रव्यं वापरून तोच आकडा गाठलेला असतो. जुळला की फॉर्म्युला कागदावर लिहून घ्या आणि अर्धा लिटर जास्तीचा बनवून ठेवा. पहिलं खरचटणं फार लांब नसतं.

धागाकर्ता :

जुनापत्रा, तुम्हाला साष्टांग. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण फॉइल लावून गच्चीत ठेवलं होतं. आज फॉइल काढली. सरळ रेघ दिसतेय. झाकलेला भाग तसाच कपाटी, उघडा भाग स्वच्छ राखाडी, किंचित निळ्याकडे. बायकोने पाहिलं आणि म्हणाली, हा चालेल. इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या निवडीला एवढ्या लवकर होकार मिळाल्याचं आठवत नाही.

बाबांना झाकण दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणजे ही माझ्याआधीची गाडी झाली." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "करा. पण आतलं रेक्झिन लाल हवं, माझ्या वेळी होतं तसं." राखाडी बाहेर आणि लाल आत, मला तरी आवडलं.

चोक_ओढून, तुमचं म्हणणं मनाला लागलं होतं. पण बाबांनीच सोडवलं.

तर ठरलं : ग्रे, सिंगल स्टेज पीयू, पावसाळा संपल्यावर. आता मामांचा नवा प्रश्न आहे. चाकांच्या रिम बॉडीच्याच रंगात की सिल्व्हर? पाचही रिमवर रंगांचे इतके थर आहेत की वरून काही कळत नाही.

जुनापत्रा :

स्टेपनीचा टायर उतरवा. रिमची आतली बाजू, जिथे ट्यूब टेकते, तिथे सहसा कुणी ब्रश घालत नाही. फक्त यावेळी आधी उन्हात ठेवा, मग ठरवा.