मदत हवी आहे: प्राथमिक शाळेचा नाताळ कार्यक्रम, मुलांची पट्टी, माइकची शिट्टी

फळा_खडू

नमस्कार मंडळी. शाळा अहिल्यानगर जिल्ह्यातली, चर्चने चालवलेली, मराठी माध्यमाची. पहिली ते चौथी मिळून १२० मुलं. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून नाताळच्या कार्यक्रमापर्यंत जेमतेम पाच आठवडे हातात असतात. संगीताची तासिका प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकच, ३५ मिनिटांची. परिपाठात रोज पाच-सात मिनिटं काढता येतील. संगीताला वेगळे शिक्षक नाहीत. मी वर्गशिक्षिका आहे, पेटीवर साधी चाल वाजवता येते.

सामान असं: जुनी पेटी, ढोलकी, टाळांच्या थोड्या जोड्या, वायरचे दोन माइक, छोटा मिक्सर, दोन स्पीकर. कार्यक्रम पटांगणात, संध्याकाळी, पालकांसमोर. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा एक अभंग, 'सायलेंट नाइट' या नाताळगीताचं मराठी रूप आणि दोन-तीन सोपी गीतं घ्यायची आहेत.

अडचणी:
१. मुलं गात नाहीत, ओरडतात. मी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) सांगते, तीही त्यातच गातात. खालचे सूर घरघरतात, वर जाताना कणसूर (बेसूर) होतात.
२. 'सायलेंट नाइट' पाचव्या ओळीत दरवेळी फाटतं.
३. कॅराओके ट्रॅक लावला की मुलं मागे पडतात.
४. समूहाचा आवाज वाढवायला गेलं की माइक शिट्टी मारतो.
५. ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलंही बरीच आहेत. त्यांच्या पालकांना काय आणि कसं विचारावं?

पेटीवाले_काका

ताई, पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच: पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कोणत्या सुरावर धरायचा ते. काळी चार ही तुमच्या गळ्याची पट्टी आहे, मुलांची नाही. काळी चारचा सा धरून सा ते तार सा (वरच्या सप्तकातला सा) असं गाणं घेतलं, तर त्याचा खालचा अर्धा भाग मुलांच्या सोयीच्या सुरांच्या खाली जातो. तिथे आवाज निघावा म्हणून मूल छातीतून जोर लावतं. तोच जोर घेऊन ते वर जातं, आणि जड आवाज वर चढत नाही म्हणून सूर उतरतो. मुलं ओरडतात ती पट्टी खाली असल्यामुळे. 'हळू गा' असं कितीही सांगितलं तरी पट्टी बदलेपर्यंत फरक पडणार नाही.

आता मोजमाप. पेटीची खर्जाची (खालच्या जाड सुरांची) खुंटी बंद ठेवा आणि फोनवरच्या ट्यूनर ॲपमध्ये जी पांढरी एक 'सी ४' दाखवते ती खूण धरा. पहिली-दुसरीच्या मुलांना तिच्या शेजारच्या पांढरी दोनपासून पांढरी सहा-सातपर्यंत आरामात गाता येतं. तिसरी-चौथीला पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत. त्याच्या वरचा एखादा सूर जाता जाता लागला तर चालतो, त्यावर थांबायला लावू नका.

गाणं निवडलं की त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर सरगममध्ये लिहून काढा आणि मग पट्टी ठरवा:

– चाल सा ते प एवढीच असेल तर लहानांना पांढरी दोन किंवा पांढरी तीन.
– सा ते तार सा असेल तर तिसरी-चौथीला पांढरी दोन. चारही वर्ग एकत्र असतील तर पांढरी एक.
– मंद्र (खालच्या सप्तकातला) प ते मध्य (मधल्या सप्तकातला) प-ध असेल तर पांढरी चार. बऱ्याच अभंगांच्या चाली इथेच बसतात.

'सायलेंट नाइट' लहान मुलांचं गाणं वाटतं, पण चालीचा पल्ला सा ते तार म एवढा आहे, म्हणजे सप्तकाहून बराच जास्त. खालच्या सप्तकातली काळी पाच सा धरा. ओळी अशा पडतात:

१ – प ध प ग (दोनदा)
२ – तार रे रे नि, तार सा सा प
३ आणि ४ – ध ध तार सा नि ध, प ध प ग
५ – तार रे रे, तार म रे नि, तार सा, तार ग
६ – तार सा प ग, प म रे सा

पहिली, तिसरी आणि चौथी ओळ ग ते तार सा यातच फिरते, ती पहिली-दुसरीला द्या. दुसरी, पाचवी आणि सहावी तिसरी-चौथीला. पाचवीतला तार म 'ऊ'सारख्या गोल, हलक्या आवाजात घ्यायला लावा; तोंड आडवं फाकलं की तो फाटतो. शेवटचा सा फार खाली आहे. तो काही मुलांना लागणार नाही, लागतो त्यांनीच हलका घ्यावा. ताल दादरा, सहा मात्रा, लय सावकाश. या गाण्याला ढोलकी नकोच, पेटीचा धरलेला सूर पुरतो.

अभंगाला भजनी ठेका येईलच. टाळ मात्र चौथीतल्या चारच मुलांना द्या. सगळ्या जोड्या वाटल्या की लय दुसऱ्या कडव्यापासून पळायला लागते आणि मग ती कुणाच्या हातात राहत नाही.

फळा_खडू

काका, मनापासून आभार. सरगम पेटीवर वाजवून पाहिली, बरोबर बसतेय. पण पांढरी चारचा सा धरला तर मलाच वर गाता येत नाही. मग मुलांना सांगायचं कसं? आणि सुरात न लागणारी मुलं प्रत्येक वर्गात चार-पाच आहेत, त्यांना फक्त ओठ हलवायला सांगू का?

परिपाठ

ओठ हलवायला अजिबात सांगू नका. या वयात कणसूर गाणाऱ्या बहुतेक मुलांचा कान ठीक असतो, त्यांना वरचा हलका आवाज सापडलेला नसतो. त्यासाठी सायरनचा खेळ घ्या: 'ऊ' म्हणत आवाज खालून वर आणि वरून खाली. बोलण्याच्या आवाजातून निसटून तो पातळ होतो ती जागा त्यांना स्वतःला कळते. मग उलटं करा. तुमच्या सुरावर मुलाला ओढू नका, ते जो सूर गातंय तो तुम्ही पकडा, पेटीवर शोधा, आणि दोघं मिळून एकेक पट्टी वर सरका. सूर जुळला की कसं वाटतं ते एकदा समजलं की पुढचं सोपं जातं. समूहात अशा मुलाला दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये उभं करा, कडेला नको.

तुम्हाला वर जात नसेल तर चौथीतली सुरेल आवाजाची दोन मुलं पुढे घ्या, ओळ त्यांनी सांगायची. मुलांना मोठ्या माणसापेक्षा मुलाचा सूर लवकर लागतो. कुणी पुरुष शिक्षक मदतीला आले तर जास्त सांभाळा: ते एक सप्तक खाली गातात आणि मुलं तो खर्ज शोधायला जातात.

३५ मिनिटं अशी वापरा. पहिली पाच: सायरन आणि श्वास (खांदे वर जात असतील तर हात पोटावर ठेवायला लावा). पुढची पाच: शब्द नुसते तालात, सुराशिवाय. जोडाक्षरं आणि 'ळ', 'ण' इथेच साफ होतात. मग पंधरा मिनिटं एक ओळ तुम्ही, तीच ओळ मुलं. मुलं गाताना तुम्ही गप्प राहा, नाहीतर ती तुमच्या आवाजावर टेकतात आणि चूक ऐकूच येत नाही. पेटीवर सुरुवातीचा सूर द्या आणि हात काढा. उरलेली दहा मिनिटं आधी बसलेलं गाणं सलग, मध्ये न थांबवता.

शेवटचं कडवं सर्वांत आधी शिकवा. नेहमीच्या क्रमाने गेलं की पहिलं कडवं शंभरदा म्हटलं जातं, शेवटचं कच्चं राहतं आणि नेमकं तेच टाळ्यांच्या आधी येतं. चौथ्या आठवड्यानंतर नवीन काही घेऊ नका.

मिक्सरमागचा

ट्रॅक आणि शिट्टी यांचं बघू.

मुलं मागे पडतात कारण ट्रॅक त्यांना उशिरा ऐकू येतो. दोन्ही स्पीकर पालकांकडे तोंड करून असतात. मुलांपर्यंत पोचतो तो समोरच्या भिंतीवरून परतलेला आवाज. आवाजाला १७ मीटर जायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात, भिंत तेवढी लांब असली तर परत येईपर्यंत दुप्पट. इतक्यात ताल गडबडतो. दोनपैकी एक स्पीकर मंचाच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून, बारीक आवाजात लावा. पटांगणात पालकांना एक स्पीकर पुरेल.

फोन मिक्सरला ब्लूटूथने नको, वायरने जोडा, आणि एअरप्लेन मोडवर टाका. ट्रॅक मोठ्यांच्या पट्टीतला असतो, ॲपने पट्टी दोन-तीन घरांपर्यंत हलवता येते. त्यापुढे वाद्यांचा आवाज विचित्र होतो, त्यापेक्षा पेटी बरी.

शिट्टीचं कारण: हातात धरायचा माइक जवळचाच आवाज नीट घेतो. ४० मुलांसाठी तो लांब ठेवला की गेन (माइक किती आवाज ओढतो ते) वाढवावा लागतो, मग तो स्पीकरचा आवाजही ओढतो. उपाय असे:

– पालकांकडचा स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, मागे कधीच नाही. मुलांकडचा स्पीकर माइकच्या पाठीकडे येईल असा.
– माइक स्टँडवर, पहिल्या रांगेपासून सुमारे ७५ सेंटिमीटरवर, पहिल्या रांगेच्या डोक्यांच्या किंचित वर, तोंड मागच्या रांगेकडे.
– दोन माइकमधलं अंतर मुलांपासूनच्या अंतराच्या तिप्पट, म्हणजे निदान सव्वादोन मीटर. कमी ठेवलं तर आवाज पोकळ येतो.
– मिक्सरवर लो कट (खालचे घुमणारे आवाज गाळणारं बटण) असेल तर चालू करा, नसेल तर बास कमी करा.
– निवेदन चालू असताना समूहाचे माइक बंद.

निवेदक माइकपासून दोन-चार बोटांवरून बोलला की पुरे. एकूण, समूह 'मोठा' करायच्या मागे लागू नका. ४०-४० मुलांचे तीन गट करा, पालकांच्या खुर्च्या पुढे ओढा. उंच बाकांवर मुलं उभी करू नका, तीन रांगा करा: पहिली बसलेली, दुसरी उभी, तिसरी पायरीवर. एकाच जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, आणि गुडघे आवळून ताठ उभं राहू नका हे रोज सांगा. चक्कर त्यानेही येते. हातात मेणबत्त्या द्यायचा विचार असेल तर बॅटरीवरच्याच, देवदूतांचे झिरमिळ्यांचे कपडे क्षणात पेटतात.

कलम_वाचक

पाचव्या अडचणीपुरतं. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतल्या विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा संस्थेतल्या धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान (अल्पवयीन) असेल तर पालकाची संमती लागते. म्हणून तालमी सुरू होण्याआधीच मराठीत साधं पत्र पाठवा: कोणती गीतं, कोणत्या दिवशी, मूल गाणार की नाटकात असणार. 'हो' आणि 'नाही' दोन्ही चौकटी ठेवा आणि सही घ्या. ज्यांचं उत्तर नाही येईल त्यांना पडदा, स्वागत, निवेदन अशी कामं द्या, पण तेही पालकांना विचारून. कार्यक्रमात प्रार्थना असेल तर पत्रात तिचा वेगळा उल्लेख करा.

हक्कांबद्दल: टिळक १९१९ साली वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांचे शब्द मोकळे आहेत. 'सायलेंट नाइट' १८१८ साली ऑस्ट्रियात पहिल्यांदा गायलं गेलं, तेही मोकळं. त्याचं अलीकडचं मराठी भाषांतर मात्र मोकळं असेलच असं नाही. शिक्षक-विद्यार्थ्यांनी पालकांसमोर सादर करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं त्या सवलतीत बसत नाही, ट्रॅक दुसऱ्याचा असेल तर मुळीच नाही.

फळा_खडू

सगळ्यांचे खूप आभार. पत्र आजच लिहायला घेते. स्पीकरची जागा आणि गटही ठरवते. एकच राहिलं: पेटीची काळी पाच दाबली तर घुमत नाही, आणि पांढरी सहा सोडल्यावरही वाजत राहते. शिवाय ट्रॅकबरोबर पेटी किंचित वेगळी लागते.

पेटीवाले_काका

दोन्ही पावसाळ्यानंतरची नेहमीची दुखणी. वरची फळी काढा. पांढरी सहा सोडल्यावर वाजते म्हणजे तिच्याखालची झडप पूर्ण बसत नाही: पट्टी उचलून मऊ ब्रशने धूळ काढा, स्प्रिंग जागेवर आहे का बघा. ओलाव्याने पट्टी शेजारच्या पट्टीला घासत असेल तर पेटी दोन दिवस कोरड्या खोलीत उघडी ठेवा, उन्हात नको, लाकूड तडकतं. काळी पाच घुमत नाही म्हणजे सुराच्या पत्तीत (हवेने थरथरून सूर देणारा धातूचा तुकडा) कचरा अडकलाय. पत्तीच्या जिभेखालून पातळ कागद हलकेच सरकवून काढा. जीभ वाकवू नका, खरवडूही नका. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि तो परत लावायला कारागीरच लागतो.

ट्रॅकशी न जुळणं दुरुस्त होणार नाही. जुन्या पेट्यांचा सूर आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाशी (त्यात पांढरी सहा ४४० हर्ट्झला असते) बहुतेक वेळा जुळत नाही. ट्यूनरवर पांढरी सहा तपासा. फरक दिसला तर ज्या गाण्याला ट्रॅक आहे त्याला पेटी नको, आणि त्याचा पहिला सूर तालमीतही ट्रॅकवरूनच द्या.