मदत हवी आहे: मेकॅनिकल ड्राफ्टिंगची तयारी नेमकी कुठून सुरू करावी?

नमस्कार. मेकॅनिकल ड्राफ्ट्समन म्हणून काम करायचं ठरवलं आहे. ऑटोकॅडमधल्या टूडी कमांड येतात, सॉलिडवर्क्समध्ये साधे पार्ट होतात. पण हातात खरा पार्ट देऊन ‘याचं ड्रॉइंग काढा’ म्हटलं की किती व्ह्यू द्यायचे, कुठली मापं टाकायची, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती लिहायचा, तिथे गाडी अडते. आधी थ्रीडी पक्कं करू की हाताने ड्रॉइंग? नोकरीसाठी दाखवायला काय तयार ठेवावं? जाणकारांनी सांगावं.

कंपासपेटी:
आधी हात. टी-स्क्वेअर घेऊन तासन्‌तास बसायची गरज नाही, पण फ्रीहँड स्केच जमलंच पाहिजे. फ्लँज कपलिंगचा (दोन शाफ्ट जोडणारा भाग) एक अर्धा तुकडा घ्या. जी बाजू आकार सगळ्यात जास्त सांगते तो फ्रंट व्ह्यू. पुढच्या प्रत्येक व्ह्यूबद्दल विचारा, हा नसता तर काय कळलं नसतं? उत्तर नसेल तर खोडा. लेथवरच्या साध्या पिनला व्यासाच्या चिन्हासह एकच व्ह्यू पुरतो. फ्लँजला सेक्शन (पार्ट कापल्यासारखा दाखवणारा व्ह्यू) हवाच, कारण आतल्या कडा दाखवणाऱ्या तुटक रेषांना मापं दिली की वाचणारा चुकतो. सेक्शनमध्ये शाफ्ट, बोल्ट आणि चावी (शाफ्टच्या खाचेत बसणारी की) लांबीतून कापून हॅच करायची, म्हणजे तिरप्या रेषांनी भरायची नसते, हेही लक्षात असू द्या.

व्ह्यू मांडायच्या दोन पद्धती आहेत: फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली येतो, थर्ड अँगलमध्ये वर. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या माहितीचा चौकोन) यापैकी कुठली पद्धत ते सांगणारं कापलेल्या शंकूचं चिन्ह विसरू नका. चिन्ह नसेल आणि वाचणाऱ्याने उलटं धरलं, तर सममित पार्टमध्ये काही बिघडत नाही, पण एका बाजूला खाच असलेला पार्ट आरशातल्यासारखा उलटा बनतो आणि जॉब भंगारात जातो.

शून्यरेषा:
मापांचं मी सांगतो, कारण खरी कसोटी तिथेच लागते. समजा एका रांगेत ५ भोकं आहेत, अंतर ४० मिमी. साखळीने ४०, ४०, ४०, ४० लिहिलं आणि प्रत्येकाला ±०.१ दिलं, तर पहिल्या आणि शेवटच्या भोकात ±०.४ पर्यंत फरक पडू शकतो. पहिल्या भोकाला डेटम (जिथून सगळी मापं मोजायची ती जागा) धरून तिथून ४०, ८०, १२०, १६० लिहा, शेवटचं भोकही ±०.१ मध्येच राहील. मात्र मग मधल्या शेजारच्या दोन भोकांतला फरक ±०.२ होतो. म्हणून आधी बघायचं, जुळायला काय हवं आहे, आणि मगच पद्धत निवडायची.

फिटचं (भोक आणि शाफ्टच्या जुळणीचं) उदाहरण: २० मिमीवर एच७/जी६, म्हणजे भोकाच्या आणि शाफ्टच्या टॉलरन्सचे ठरलेले कोड. भोक २०.००० ते २०.०२१, शाफ्ट १९.९८० ते १९.९९३. म्हणजे फट कमीत कमी ०.००७, जास्तीत जास्त ०.०४१. अशी वजाबाकी प्रत्येक जोडीसाठी कागदावर करायची सवय लावा.

आट्यांचं माप अर्धवट लिहू नका. एम८ (८ मिमीचे मेट्रिक आटे) साठी टॅपआधीचं, म्हणजे आटे पाडण्याआधीचं ड्रिल ६.८, बोल्ट आरपार जायचा असेल तर भोक ९. बंद भोकात आटे १६ मिमी खोल हवे असतील तर ड्रिल साधारण २२ खोल लिहा. दोन्ही खोल्या सारख्या लिहिल्या तर टॅप तळाला टेकून तुटतो.

धागाकर्ता:
खूप आभार! सगळीकडे ±०.०५ लिहिलं तर सुरक्षित नाही का?

शून्यरेषा:
मुळीच नाही. मोकळ्या कडेलाही तेवढी अचूकता मागितली की मशिनिंगचा आणि तपासणीचा वेळ उगाच वाढतो, आणि चांगले पार्ट रिजेक्ट होतात. टायटल ब्लॉकमध्ये आयएसओ २७६८-एम (ज्या मापांना वेगळा टॉलरन्स लिहिलेला नाही त्यांच्यासाठीचं मानक) लिहा. त्यात ३० ते १२० मिमीच्या लांबीला ±०.३ आपोआप लागू होतं. घट्ट टॉलरन्स फक्त जुळणाऱ्या पृष्ठभागांवर.

लेअरशून्य:
कॅडमध्ये मॉडेल स्पेसला (जिथे पार्ट काढतो) सगळं १:१, स्केल फक्त व्ह्यूपोर्टला (छापायच्या शीटवरची खिडकी). डायमेन्शनचा आकडा हाताने कधीही बदलू नका. पुढे आकार बदलला तरी तो आकडा तसाच राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्याची फाइल आणताना इनसयुनिट्स (फाइलचं एकक ठरवणारं सेटिंग) तपासा, नाहीतर इंच-मिमीच्या गोंधळात पार्ट २५.४ पट होतो. लेझर कटिंगला डीएक्सएफ फाइल देण्याआधी ओव्हरकिल (दुहेरी रेषा काढून टाकणारी कमांड) चालवा. रेषेवर रेषा राहिली तर मशीन तीच कड दोनदा कापतं. थ्रीडीत स्केच निळं, म्हणजे मापं अपुरी असलेलं असेल तर पुढे जाऊ नका. ते पूर्ण डिफाइन होऊन काळं झालंच पाहिजे.

कंपासपेटी:
दाखवायला दहा सुटे पार्ट ठेवण्यापेक्षा एक पूर्ण असेंब्ली ठेवा. प्लमर ब्लॉक (फिरणाऱ्या शाफ्टला आधार देणारं बेअरिंग) घ्या: बॉडी, कॅप, ब्रासचे दोन अर्धे तुकडे, बोल्ट, नट. प्रत्येक पार्टचं वेगळं ड्रॉइंग, मग असेंब्ली, बलून (पार्टचे क्रमांक लिहिलेले गोल), मटेरियल लिस्ट. कॅप आणि बॉडीमध्ये मुद्दाम ठेवलेली फट आणि खालच्या ब्रासला फिरू न देणारा छोटा उंचवटा दोन्ही दिसले पाहिजेत. ते राहून गेले तर ब्लॉक कसा चालतो हेच कळलेलं नाही, असा अर्थ घेतला जातो.

तपासायला हे ड्रॉइंग दुसऱ्या कुणाला द्या आणि काही न बोलता त्यावरून मॉडेल बनवायला सांगा. तो जिथे अडेल तिथे माप किंवा नोट राहिली आहे. मग मास प्रॉपर्टीजमधून दोन्ही मॉडेलचं आकारमान ताडून बघा. उलटा बनलेला पार्ट मात्र आकारमानात पकडला जात नाही, त्यासाठी दोन्ही मॉडेल एकावर एक ठेवूनच बघावं लागतं.