गोळी रायफलिंगला टेकवायची की मागे ठेवायची?

टेक्सासवारी:
सात वर्षं झाली, इथे .३०८ विंचेस्टरची काडतुसं घरी भरतोय. माझं मत सांगतो, मग फोडा मला. गोळी रायफलिंगच्या, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांच्या, कडांना टेकवून बसवायचा नाद नवख्याने करू नये. वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, मागे ठेवावी.

मध्ये थोडी मोकळी जागा असली की गोळी आधी सुटते, जरा वेग घेते आणि मग कडांत शिरते. टेकलेली असली तर दारू पेटताना ती जागीच अडते आणि दाब झटकन चढतो. 'सामी' या अमेरिकी दारूगोळा-मानक संस्थेची .३०८ साठीची दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे. पुस्तकातल्या कमाल चार्जवर, म्हणजे दारूच्या मापावर, असताना कोणी नुसती गोळी पुढे सरकवली, तर तो मर्यादा ओलांडतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

शिवाय माझी स्वतःची फजिती. रेंजवर गोळीबार थांबवायची हाक आली, भरलेलं काडतूस काढायला बोल्ट ओढला, तर हाती आली नुसती केस, म्हणजे काडतुसाची नळी! गोळी बॅरलमध्येच रुतलेली, दारूचे दाणे थेट ट्रिगरपर्यंत. तोंडाकडून रॉड घालून हळूहळू ढकलून काढली. शेजारच्या बाकावरचे आजोबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

ओहायोचा बाकवाला:
तात्या, एका फजितीवरून नियम कशाला? बेंचरेस्टवाले, म्हणजे रायफल बाकावर ठेवून नेम धरणारे स्पर्धक, वर्षानुवर्षं गोळी कडांना टेकवूनच मारतात. गोळी दर वेळी त्याच जागी, सरळ रेषेत सुरू होते, म्हणून गट, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा घोळका, लहान येतो. अट एकच: चार्ज त्याच स्थितीत खालून वर आणायचा. तुम्ही वीस थाऊवर चार्ज ठरवलात आणि मग पुढे सरकलात ना? मग दोष टेकवण्याला कसा देता?

आणि भरलेलं काडतूस परत काढायचंच नाही, स्पर्धेत ते चालतं. शिकारीला मात्र मीही टेकवत नाही, हे कबूल.

मोजपट्टी:
मी तर उलटं ऐकलंय. गोळी खोल गेली की केसमधली जागा कमी होते आणि दाब वाढतो. मग मागे ठेवणं सुरक्षित कसं?

ओहायोचा बाकवाला:
दोन्ही खरं आहे. ९ मिमी पिस्तुलाची केस एवढीशी, तिथे गोळी जराशी आत दाबली तरी दाब उसळतो. .३०८ च्या केसमध्ये वीस थाऊने जागेचा फारसा फरक पडत नाही, तिथे कडांचा अडथळा भारी ठरतो. फारच खोल ठोकलीत तर मात्र रायफलमध्येही दाब परत वर जातो.

टेक्सासवारी:
अट मान्य, पण ती पाळतो कोण? लोक चपटा झालेला प्रायमर, म्हणजे केसच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी, बघून दाब ओळखायला जातात. मऊ प्रायमर कमी दाबालाही चपटा होतो, आणि बोल्ट जड लागेपर्यंत गडी मर्यादेच्या पार गेलेला असतो. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावा. पुस्तकापेक्षा वेग जास्त दिसला तर तो फुकट आलेला नाही, दाबातूनच आलाय. आणि काडतुसाची लांबी गोळीच्या टोकापासून मोजू नका, एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकंही सारखी नसतात. कंपॅरेटर लावून गोळीच्या फुगवट्यापासून मोजा.

ओहायोचा बाकवाला:
मोजा, पण एकदाच मोजून थांबू नका. थ्रोट, म्हणजे बॅरलमध्ये रायफलिंग सुरू होतं तो भाग, झिजतो. आज वीस थाऊ असलेलं अंतर हजारभर गोळ्यांनी वीस राहत नाही. मग तुमचा तो सुरक्षित आकडा कुठला?

टेक्सासवारी:
अंतर वाढलं तर वाढू दे की! कडांच्या मागे धावत बसायचं नाही, एवढंच तर म्हणतोय. गट बिघडला तर बघू. वेदरबीच्या रायफलींत मुळातच लांब मोकळी जागा ठेवतात, त्या काय वाईट मारतात?

करवीरकर:
मजा येतेय वाचायला. आमच्याकडे हा वादच नाही. भारतात काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना लागतो, आणि .२२ रिमफायर तर तशीही परत भरता येत नाही, पेटणारा मसाला केसच्या बुडाच्या कडेतच असतो. मग नेमबाज करतात काय, तर कारखान्यातून आलेल्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या बॅरलमधून मारून बघायचे आणि जमेल तो उचलायचा. आमच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरचं कांस्य घेतलं ते याच .२२ वर. गोळी किती खोल बसवायची ते कारखाना ठरवतो, आपण फक्त निवडायचं. एक शंका: त्या ट्रिगरमधली दारू निघाली का?

टेक्सासवारी:
ट्रिगर बाहेर काढून धुतला. तरी परवा बोल्टच्या खाचेतून दोन दाणे निघालेच.