मदत हवी आहे: डांबरी वाटेवरचं शेवाळ आणि तेलाचे डाग

नमस्कार मंडळी. आमचं घर फोंड्याजवळ. गेटपासून पडवीपर्यंत 20 मीटरभर हॉटमिक्सची (गरम डांबर-खडी पसरून केलेली) वाट आहे, 6 वर्षांपूर्वी घातलेली. एका बाजूला माड, दुसरीकडे फणस, त्यामुळे ऊन जेमतेम पडतं. पावसाळ्यात वाट हिरवीगार होते. परवा बाबा दूध आणायला निघाले आणि सपशेल आडवे झाले. थोडक्यात वाचले, पण आता चवथीला पाहुणे यायच्या आत काहीतरी करायलाच हवं.

प्रेशर वॉशर भाड्याने आणून पाहिला. शेवाळ गेलं, पण नोझल जवळ धरल्याने कडेची खडीही सुटली. ब्लीचिंग पावडर टाकायची तर वाटेचा उतार थेट विहिरीकडे. काथ्याच्या झाडूने घासतो, पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे.

दुसरी गोष्ट, स्कूटरच्या तेलाचे डाग. शेजाऱ्यांनी रॉकेलने पुसायला सांगितलं, मी ऐकलं (माझीच चूक). रॉकेलने डांबरच विरघळतं, तिथे आता बोटाने उकरता येईल इतकं मऊ झालंय. बाकीच्या डागांवर भुसा आणि भांड्यांचा साबण चालेल ना?

विहिरीला धोका न होता शेवाळ काढायला काय वापरता? मऊ झालेला भाग कापून कोल्डमिक्स (गरम न करता भरायचं डांबर-खडीचं मिश्रण) भरावं का, आणि ते आत्ता की पाऊस सरल्यावर? वरून सीलकोट (डांबरावरचा संरक्षक थर) मारलेला कुणाकडे टिकलाय का? 'सगळं उखडून पेव्हर घाला' हा सल्ला आधीच चौघांनी दिलाय, तेवढा सोडून सांगा.