रंग तसाच आहे पण चमक गेली, क्वांटम डॉट धुताना नेमकं काय बिघडलं?

एमएस्सी_दुसरंवर्ष: नमस्कार मंडळी. कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक) बनवलेत, प्रकाश शोषणाचं पहिलं शिखर 550 नॅनोमीटर तरंगलांबीला म्हणजे आकार साधारण 3 नॅनोमीटर. सोल्यूशन नारिंगी आणि यूव्ही टॉर्च मारली की मस्त पिवळा उजेड. स्वच्छ व्हावेत म्हणून मेथनॉल घालून सेंट्रीफ्यूज, असं चार वेळा धुतले. आता रंग तोच, शिखरही जागेवरच, पण टॉर्चखाली जेमतेम मळकट लालसर काहीतरी दिसतं. डॉट खराब झाले असते तर शिखर नको का सरकायला? दोन दिवस झोप नाही नीट, कृपया सांगा.

काचेची_बाटली: शिखर सरकणार नाही, कारण ते आकारावर ठरतं आणि आकार बदललेलाच नाही. मोठ्या स्फटिकात बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीत उचलायला लागणारी ऊर्जा) 1.74 इलेक्ट्रॉन व्होल्ट असतो, तुझ्या 550 चा हिशोब केला तर 2.25 येतो, हा फरक इलेक्ट्रॉन आणि होलला (इलेक्ट्रॉन वर गेल्यावर मागे उरणारी रिकामी जागा) इतक्याशा जागेत कोंडल्यामुळे. म्हणजे प्रकाश आत घ्यायचं काम अजून व्यवस्थित चालू आहे, गडबड त्यानंतर होतेय. 3 नॅनोमीटरच्या डॉटमध्ये अणू असतात जेमतेम पाचशे आणि त्यातले जवळपास निम्मे अगदी बाहेरच्या थरात, त्यांचे बंध उघडे पडू नयेत म्हणून ओलिएट वगैरे लिगँड, म्हणजे पृष्ठभाग झाकणारे रेणू, चिकटलेले असतात. मेथनॉलने तू कचऱ्यासोबत तेही धुवून काढलेस.

पिकोसेकंद: बरोबर, फक्त एक भर घालतो. लिगँड जाताना बरेचदा पृष्ठभागावरचं कॅडमियम पण सोबत घेऊन जातात, मग मागे उघडे सेलेनियम उरतात आणि ते होल पकडून ठेवतात. हे कळलं कसं, तर ट्रान्झियंट ॲब्सॉर्प्शनमधला (लेझरचा झटका दिल्यावर शोषण कसं बदलतं ते मोजणं) ब्लीच, म्हणजे शोषणातली तात्पुरती घट, या डॉटमध्ये मुख्यतः इलेक्ट्रॉनचा असतो, तो बराच वेळ टिकतो आणि उजेड मात्र झटकन विझतो, म्हणजे इलेक्ट्रॉन जागेवरच आहे आणि होल गायब. आता आकडे बघ. दोघं भेटून प्रकाश द्यायला साधारण 20 नॅनोसेकंद घेतात, आणि समजा सापळा, म्हणजे तेच उघडं सेलेनियम, होलला 1 नॅनोसेकंदात ओढतोय, तर 21 पैकी एकच जोडी उजेड देणार, पाच टक्क्यांपेक्षाही कमी. तुला दिसतो तो लालसर उजेड बहुतेक अडकलेल्या होलचा आहे, म्हणून तो फिका आणि पसरट.

काचेची_बाटली: हो, कॅडमियमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, मी सोडलाच होता. पुढच्या वेळी मेथनॉलऐवजी ॲसिटोन वापर आणि एक-दोनदाच धू. आणि ग्लोव्हज घाल गं, धुतलेलं पाणी सिंकमध्ये अजिबात ओतू नकोस, कॅडमियम आहे ते.

शेल_चढवा: कायमचा उपाय हवा असेल तर झिंक सल्फाइडचं कवच चढव. 1996 मध्ये हाइन्स आणि गियो-सिओनेस्ट यांनी तेच केलं आणि साध्या खोलीच्या तापमानाला 50 टक्के क्वांटम यील्ड मिळवलं, म्हणजे शोषलेल्या दर शंभर फोटॉनमागे पन्नास उजेड म्हणून बाहेर. कवचाचा बँड गॅप मोठा, त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल दोघंही आतच राहतात, पृष्ठभागापर्यंत फारसे पोचत नाहीत. पण तुझं काम कशासाठी चाललंय ते आधी सांग, कारण फोटोकॅटॅलिसिससाठी (प्रकाशाने रासायनिक क्रिया घडवण्यासाठी) असेल तर चार्ज बाहेर यायलाच हवा आणि जाड कवच तिथे आडवं येतं. उजेड जास्त म्हणजे डॉट चांगला, असं सरसकट धरू नकोस.

एमएस्सी_दुसरंवर्ष: खूप खूप आभार सगळ्यांचे!! काम उजेडाचंच आहे, एलईडीसाठी. काल थोड्या सॅम्पलमध्ये कॅडमियम ओलिएट घालून हलकं गरम केलं, रात्री दिवे बंद करून टॉर्च मारली तर बाटलीच्या तळाशी पिवळा रंग परत आलाय, आधीइतका नाही पण आलाय. आता ॲसिटोनने नवीन बॅच करते, आणि @पिकोसेकंद, लाइफटाइमचे (उजेड किती वेळात विझतो त्याचे) ग्राफ आले की इथेच टाकते, 20 नॅनोसेकंदांच्या आसपास येतं का बघूया.